सेसना 150: जनरेटर फिरतोय, चार्जिंग शून्य. एफ टर्मिनलला बॅटरी दाखवावी काय?

नंदगडकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा नंदगडचा, खानापूर तालुका. ए.एम.ई.चा (विमान देखभालीचा) कोर्स संपवून सध्या सांबऱ्याला, बेळगावच्या विमानतळावर, एका हँगरमध्ये शिकाऊ म्हणून काम करतोय. सही करायचा अधिकार मला नाही, ती आमचे लायसन्सवाले साहेब करतात. खरं ते आठवड्यातनं दोनच दिवस येतात. ते यायच्या आत काय काय तपासून ठेवायचं, हे ठरवायला तुमची मदत पाहिजे.

विमान एका खासगी मालकाचं आहे, 1965 सालचं सेसना 150. इंजिन कॉन्टिनेंटल ओ-200, बॅटरी 12 व्होल्टची. अल्टरनेटर नाही, जुना डेल्को-रेमीचा जनरेटर आहे, म्हणजे आमच्या बाबांच्या भाषेत डायनामो. इंजिनच्या मागच्या अंगाला गिअरवर बसतो, त्यामुळं पट्टा सैल झाला, पट्टा घसरतोय असला प्रश्न नाही. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्या मधला पत्रा) रेग्युलेटर. त्याच्या झाकणाखाली तीन कॉइल आहेत: कटआऊट (जनरेटरचं व्होल्टेज पुरेसं चढलं की त्याला बॅटरीशी जोडणारी), करंटची आणि व्होल्टेजची.

दुखणं असं. मे अखेरपर्यंत सगळं ठीक होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि त्यानंतरच्या पहिल्याच उड्डाणात रेडिओचा आवाज बसायला लागला. उतरल्यावर बघितलं तर ॲमीटरचा काटा शून्याच्या डावीकडं, म्हणजे बॅटरी भरायच्या ऐवजी रिकामी होत होती. बॅटरी जुनी होती म्हणून नवी घातली. दोन उड्डाणं चांगली झाली, तिसऱ्याला परत तेच. म्हणजे नवी बॅटरी असेपर्यंत ती स्वतःच्या जिवावर ओढत होती, मागनं भर पडतच नव्हती. मालक आता म्हणतोय, जनरेटर आणि रेग्युलेटर दोन्ही नवे मागवूया. दोन्ही बाहेरनं येणार, महिना कुठं गेला कळणार नाही, आणि खर्च तर विचारूच नका. खराब काय आहे हे कळल्याशिवाय मागवणं मला पटत नाही.

आतापर्यंत मी केलं ते एवढंच: इंजिन बंद असताना बॅटरी 12.5. इंजिन 1800 आरपीएमला असताना केबिनमधल्या बसवर (उपकरणांना वीज वाटणारी पट्टी) 12.1, आणि रेडिओ, बीकन लावले की आणखी खाली. जनरेटरची पट्टी काढून कार्बन (ब्रश) बघितले. उंची भरपूर आहे, स्प्रिंग जोरात बसते. कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) तपकिरी, चकचकीत, कुठं जळकट डाग नाही. तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका वर आलेला दिसला नाही. बेअरिंगचा आवाज नाही. रेग्युलेटर मी उघडला नाही. मार्चमध्ये हे विमान दुसरीकडं कामाला गेलं होतं, तिथं फायरवॉल खरवडून नव्यानं रंगवून आलं, त्यामुळं त्या भागात सगळं कोऱ्यासारखं दिसतंय.

आता मुख्य प्रश्न. आमच्या बाबांचं खानापुरात ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान आहे, पस्तीस वर्षं झाली. परवा रात्री जेवताना त्यांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "मॅग्नेट गेलंय त्याचं. एफ च्या टर्मिनलला बॅटरीचा प्लस एक टिचकी दाखव, उठतंय बघ." एफ म्हणजे फील्ड कॉइलचं, चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीचं टर्मिनल. त्यांनी जुन्या ॲम्बेसेडर आणि ट्रॅक्टरचे किती डायनामो असे जागे केलेत याला हिशेब नाही, मी लहानपणी शेजारी उभा राहून बघितलंय. त्यांचा हात चुकत नाही. तरीपण विमानाला हात लावायच्या आधी विचारावं म्हटलं. दाखवू काय?

निपाणी_ऑटोइलेक्ट्रिक

भावा, तुझे बाबा म्हणतात ते बरोबरच आहे. मी पण निपाणीत हेच काम करतो. डायनामो बरेच दिवस पडून राहिला, किंवा कुणी बॅटरी उलटी लावली, की लोखंडात शिल्लक राहिलेलं चुंबक जातं. मग फिरवला तरी काही येत नाही. सुरवातीला थोडंसं चुंबक असल्याशिवाय डायनामो स्वतःला उचलू शकत नाही. एफ ची वायर काढायची, बॅटरीच्या प्लसवरनं एक वायर आणून टच करायची, बारीक ठिणगी पडली की झालं. गाड्यांतले लुकासचे डायनामो मी असेच चालू करतो.

त्यानंही नाही उठला तर फील्ड कॉइल किंवा आर्मेचर (आतला फिरणारा भाग) गेलं समज. मग बेळगावच्या उद्यमबागेत रिवाइंडिंगवाले आहेत, तिथं ग्राउलरवर (शॉर्ट शोधायचं यंत्र) आर्मेचर बघतात, शॉर्ट असेल तर नवं भरून वार्निश मारून दोन दिवसांत देतात. विमानाचा असला म्हणून काय, तांबं तेच आणि लोखंड तेच.

फक्त एक सांग. आम्ही गाडीत मीटर लावून टर्मिनलवर व्होल्टेज बघतो, ते तू केलंस काय? बसवरचं नाही, थेट डायनामोच्या मोठ्या टर्मिनलवरचं. तो आकडा आल्याशिवाय पुढं काही सांगता येत नाही.

सेवानिवृत्त_फिटर

पोरा, थांब. एफ ला प्लस दाखवू नकोस. निपाणीच्या दादांचा आणि तुझ्या बाबांचा अनुभव खोटा नाही, पण तो लुकासचा आहे. तुझ्यासमोर डेल्को आहे, आणि या दोघांत फील्डची जोडणी उलटी असते. मी वायुदलात इलेक्ट्रिकल फिटर होतो, आता बेळगावात स्थायिक आहे. हे जरा सविस्तर लिहितो, कारण यात नवा रेग्युलेटर जळतो आणि मग मूळ दुखणं कुठलं आणि आपण घातलेलं कुठलं हेच कळेनासं होतं.

शेताला पाटाचं पाणी देतोस तसं समज. पाणी म्हणजे फील्डमधला करंट, आणि तो कमी-जास्त करणारं दार म्हणजे रेग्युलेटर. लुकासमध्ये दार वरच्या अंगाला असतं. करंट रेग्युलेटरमधून एफ वर येतो, फील्ड कॉइलमधून जातो आणि कॉइलचं दुसरं टोक डायनामोच्या आतच बॉडीला अर्थ केलेलं असतं. म्हणून तिथं एफ ला प्लस दाखवला की करंट कॉइलमधून जातो आणि चुंबक जागं होतं. याला बी सर्किट म्हणतात.

डेल्कोमध्ये दार खालच्या अंगाला. फील्डचं एक टोक आत आर्मेचरच्या प्लस कार्बनला, म्हणजे ए टर्मिनलला जोडलेलं. दुसरं टोक एफ वर बाहेर येतं, तिथून वायर रेग्युलेटरला जाते, आणि रेग्युलेटर आपल्या पॉइंटमधून (उघडझाप करणारे संपर्क) ते अर्थ करतो. याला ए सर्किट म्हणतात. इंजिन बंद असताना ते पॉइंट मिटलेलेच असतात. आता तू वायर न काढता एफ वर बॅटरीचा प्लस टेकवलास तर तो कॉइलमधून कशाला जाईल? सरळ वायरने रेग्युलेटरला जाणार, मिटलेल्या पॉइंटमधून बॉडीला, म्हणजे धडधडीत शॉर्ट. पॉइंट चिकटतात नाहीतर जळतात. बॅटरी जितकी चांगली तितकं नुकसान मोठं.

डेल्कोला जागं करायचं असेल तर इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरवरच्या बॅटरीच्या टर्मिनलवरून जनरेटरच्या टर्मिनलला एका वायरने नुसतं टेकवायचं आणि लगेच उचलायचं. त्याने करंट आर्मेचरमधून आणि फील्डमधून योग्य दिशेने जातो. पण तुझ्या जनरेटरला त्याची गरज आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, म्हणून तेही आता करू नको.

नेमप्लेट पुसट असेल आणि डायग्राम हाताशी नसेल तर ए की बी हे ओळखायचं कसं? बाहेरच्या दोन्ही वायरी काढ. नुसतं एफ आणि बॉडी यांच्यात मीटर लावलास तर दोन्ही प्रकारांत काही ओहम दिसतात आणि तू फसतोस, कारण ए सर्किटमध्येही आर्मेचरमधून वाट सापडते. म्हणून प्लसच्या कार्बनखाली जाड कागदाची पट्टी सरकव, आर्मेचर तोडलं गेलं पाहिजे. मग एफ ते बॉडी काहीच नाही आणि एफ ते ए काही ओहम, तर ए सर्किट. एफ ते बॉडी ओहम, तर बी. हा कागद आठवणीने परत काढायचा आणि काढला हे लिहून ठेवायचं.

आता तपासणी. पहिली गोष्ट पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची. काउलिंग (इंजिनवरचं झाकण) उघडं ठेवून इंजिन चालू असताना कुणीही वाकून मीटरची पिन लावायची नाही. फिरता पंखा डोळ्याला दिसत नाही, आणि हाताला सवय झाली की माणूस विसरतो. मीटरच्या वायरी लांब कर, टोकाला थिंबल (धातूची कडी) मारून टर्मिनलवर नटाखाली कस, बांधून घे, आणि मीटर केबिनमध्ये सीटवर ठेव. पुढं माणूस उभा नको, चाकांपुढं अडसर लावलेले, ब्रेक दाबलेले, आणि इंजिन चालवायला अधिकार असलेलाच माणूस. काम झाल्यावर पंखा हाताने फिरवायची वेळ आली तर मॅग्नेटोचा (इंजिनला ठिणगी देणारा भाग) स्विच बंद आहे म्हणून निश्चिंत राहू नको. अर्थची एक वायर तुटलेली असली तरी मॅग्नेटो जिवंत राहतो.

आकडे दोन हवेत. एक, 1800 ला ए टर्मिनल ते इंजिनची बॉडी किती व्होल्ट. एक-दोन व्होल्ट आले तर शिल्लक चुंबक आहे, आर्मेचर आणि कार्बनही ठीक, फक्त फील्डला करंट मिळत नाही. साफ शून्य आले तर चुंबक गेलं किंवा आर्मेचरची वाट तुटली.

दोन, इंजिन बंद करून जनरेटरवरून एफ ची वायर काढ, टोकाला टेप गुंडाळ, आणि जनरेटरच्याच एफ ला एक छोटी वायर लावून इंजिनच्या बॉडीला अर्थ कर. वायर काढायची यासाठी की काही रेग्युलेटरांत दुहेरी पॉइंट असतात, जोडून ठेवून अर्थ केलंस तर वरच्या पॉइंटमधून शॉर्ट होऊ शकतो. मग इंजिन चालू करून अगदी हळू वाढव, 1000, 1100, 1200. आता जनरेटरवर लगाम नाही, म्हणून डोळा मीटरवरच. 14 दिसले की लगेच आरपीएम खाली. व्होल्टेज चढलं तर जनरेटर निर्दोष. आणि त्या वेळी ॲमीटर काय करतो तेही बघून ठेव.

हे सगळं साहेब समोर असतानाच. तुला मी घाई करू नको म्हणतो ती एवढ्यासाठीच.

आणि उद्यमबागेचं म्हणाल, तर तिथले कारागीर उत्तम आहेत यात वाद नाही. पण विमानावर परत बसणारा भाग मान्यताप्राप्त शॉपमधूनच यावा लागतो, सोबत सीए फॉर्म 1 किंवा त्याच्या तोडीचा दाखला लागतो. तांबं तेच असलं तरी त्या कागदाशिवाय तुझे साहेब सही करू शकत नाहीत, आणि करूही नये.

कंग्राळी_बुद्रुक

मला यातलं कळत नाही, पण रोज डोक्यावरनं ही छोटी विमानं जाताना बघतो म्हणून विचारतो. जनरेटर हवेत बंद पडला तर इंजिन पण बंद पडतं काय?

सेवानिवृत्त_फिटर

नाही. या इंजिनांत ठिणगी मॅग्नेटोची असते, एक नव्हे दोन. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. मॅग्नेटो इंजिनच्या फिरण्यावरच वीज तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. बॅटरी पूर्ण बसली तरी पंखा फिरत राहतो. जातं ते रेडिओ, ट्रान्सपाँडर, दिवे, इंधनाचे काटे. दिवसा, स्वच्छ हवेत वैमानिक नीट परत येतो. पण आपल्याकडं पावसाळ्यात दुपारी तीनला ढग खाली उतरले, आणि टॉवरला विचारायला रेडिओ नाही, ही वेळ कुणावर येऊ नये. म्हणून हे काम मी किरकोळ मानत नाही.

नंदगडकर

फिटर काका, तुमचे उपकार आहेत. बाबांना तुमचं पाटाच्या दाराचं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "खालच्या अंगाला दार असतंय असं मला कुणी सांगितलंच नव्हतं." दुकानातल्या वहीत त्यांनी ते चित्र काढून ठेवलंय.

काल साहेब आले होते. इंजिन त्यांनीच चालवलं, मी बाजूच्या सीटवर मीटर घेऊन.

ए टर्मिनल 1800 ला: 1.6 व्होल्ट. म्हणजे चुंबक आहे!

मग एफ ची वायर काढून एफ अर्थ केला. 1000 ला 9 च्या वर गेलं, आणि 1200 च्या आतच 14 दिसलं. साहेबांनी लगेच खाली घेतलं. जनरेटर एकदम ठणठणीत. साहेब म्हणाले, चला, हा मागवायचा नाही हे तरी कळलं.

खरं एक गोष्ट समजली नाही. व्होल्टेज 14 झालं तेव्हासुद्धा ॲमीटर हलला नाही, डावीकडंच. म्हणजे कटआऊट पण बसला नाही. आता साहेबांचं मत रेग्युलेटर गेला असं झालंय: व्होल्टेजचा पॉइंट फील्ड अर्थ करत नाही आणि कटआऊट पण ओढत नाही, दोन्ही भाग खराब. तरी म्हणाले, मागवायच्या आधी परवापर्यंत विचार करतो.

चिकोडीकर_बेंगळुरू

मी बी-1.2 लायसन्सवर काम करतो, पिस्टन विमानंच बघतो. मूळ गाव चिकोडीजवळ. दोन भाग एकाच दिवशी, तेही पाऊस लागल्याबरोबर खराब झाले असं दिसलं की मी आधी त्या दोघांत सामाईक काय आहे ते शोधतो.

फील्डचा करंट एफ च्या वायरने रेग्युलेटरमध्ये येतो, पॉइंटमधून जातो आणि रेग्युलेटरच्या बॉडीवर संपतो. कटआऊटची बारीक तारेची कॉइल एका टोकाला जनरेटरला जोडलेली आणि दुसऱ्या टोकाला कुठं? त्याच बॉडीवर. ही बॉडी पुढं विमानाच्या पत्र्याला नीट जोडलेली नसेल तर दोन्ही कामं एकदम बंद पडतात, रेग्युलेटर आतून कोरा करकरीत असला तरी. लुकासमध्ये हे दुखणं इतकं सरळ दिसलं नसतं. इथं दार खालच्या अंगाला आहे म्हणून अर्थ गेला की दारच गेलं.

डेल्कोचे हे रेग्युलेटर बहुतेक रबरी बुशांवर बसवतात, इंजिनचे हादरे पॉइंटपर्यंत जाऊ नयेत म्हणून. रबरातून वीज जात नाही, तेव्हा पायापासून फायरवॉलला वेगळी विणलेली पट्टी असते. आणि तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की मार्चमध्ये फायरवॉल रंगवला.

ओहमवर विश्वास ठेवू नका. पट्टीचा एकच तंतू धरून असला तरी मीटर जवळजवळ शून्य दाखवेल, कारण मीटरचा स्वतःचा करंट अगदी नगण्य. फील्डचा एक-दीड अँपियर तिथून भरवशानं जाईलच असं नाही. सगळं पूर्ववत जोडा, इंजिन 1800 ला ठेवा, आणि लांब वायरीने रेग्युलेटरचा पाया ते इंजिनची बॉडी एवढं व्होल्टेज मोजा. शून्याच्या आसपास असायला हवं. तिथं जर तुमचे ते 1.6 च दिसले, तर पट्टी काढून बघा.

नंदगडकर

1.5 दिसले.

सविस्तर लिहितो, कारण हे डोळ्यांनी बघितल्यावर मला रात्री झोप आली नाही.

इंजिन बंद करून, गार होऊ देऊन, बॅटरीची वायर सोडून पट्टीकडं गेलो. वरनं बघायला पट्टी एकदम चांगली. बोटभर लांब, तांब्याची विणलेली, वर कल्हईचा पांढरा रंग. फायरवॉलच्या बाजूचा स्क्रू घट्ट होता, पान्याला जराही हलला नाही. हे बघून कुणीही पुढं गेला असता, मी पण महिन्याभरापूर्वी टॉर्च मारून पुढंच गेलो होतो. साहेबांनी स्क्रू काढायला लावला. थिंबल उचललं, खाली पांढरा रंग. खरवडलेला पत्रा नाही, रंगच. थिंबलच्या गोल कडेचा ठसा रंगात उमटलेला, आणि स्क्रूच्या भोकाभोवती तेवढा एक अर्धचंद्र, नखाएवढा, जिथं कसताना रंग निघून धातू लागला होता. त्या अर्धचंद्रावर हिरवट-पांढरी पूड जमलेली. तांबं, पत्रा आणि आमच्याकडचा जून-जुलैचा दमटपणा. मार्चपासून मे पर्यंत तेवढ्या अर्धचंद्रावर विमान उडत होतं.

तेवढ्यावर थांबलो नाही. साहेबांनी थिंबलजवळ पट्टी बोटात धरून हळूच वाकवली, तर क्रिंप केलेल्या जागी निम्मे तंतू तुटलेले. आवरणाखाली हिरवे झालेले, चुरा पडला हातात. मी मीटर लावून बघितला: पट्टी सरळ ठेवली की 0.3 ओहम, जरा वाकवली की आकडा पळायला लागतो, सोडली की परत 0.3. चिकोडीकर, तुम्ही लिहिलं होतं तसंच. ओहम बघून मी तिला पास केलं असतं.

नवी पट्टी त्याच मापाची, कागदासकट, स्टोअरमधनं मिळाली. फायरवॉलचा गोल भाग धातू उघडा होईपर्यंत साफ केला, थिंबल बसवून कसलं, आणि मग वरनं कडेला सील केलं, खालनं नाही. साहेबांनी इंजिन ते फायरवॉल आणि बॅटरीचा मायनस या दोन्ही जागा पण उघडून बघायला लावल्या. बॅटरीची चांगली होती. इंजिनच्या पट्टीखाली रंगाची एक कड सापडली, तीही साफ केली. वायरी सोडल्या होत्या म्हणून शेवटी डेल्कोच्या पद्धतीनं, रेग्युलेटरवरच बॅटरीवरनं जनरेटरला एक टेकवणी दिली. बारीकशी ठिणगी पडली. हात माझा होता, डोळे साहेबांचे.

इंजिन चालू केलं. अगदी मंद असताना काटा डावीकडंच होता, तेवढ्या फेऱ्यांत हा जनरेटर भरत नाही हे मला माहीत होतं, तरी छातीत धडधड झाली. मग 1300 च्या पुढं गेलं तसा काटा शून्यावर आला आणि एकदम उजवीकडं गेला. कटआऊट बसल्याचं ते काट्यावर दिसलं. बॅटरी भुकेली होती म्हणून सुरवातीला बराच वर, मग पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू खाली आला. मी ओरडणार होतो, साहेबांनी नुसतं माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

जनरेटर मागवायचं रद्द. रेग्युलेटर मागवायचं रद्द. मालकाला फोन साहेबांनीच केला.

निपाणी_ऑटोइलेक्ट्रिक

वाचून अंगावर काटा आला. फिटर काका, मी तुमची क्षमा मागतो. पोरानं घाईत वायर न काढता प्लस लावला असता तर चांगला रेग्युलेटर गेला असता. मी वायर काढायची असं लिहिलं होतं, पण डेल्कोचं उलटं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

अर्थचं मात्र मला ठाऊक असायला पाहिजे होतं. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर येतात आमच्याकडं, सेल्फ मारला की टक टक करतो, मालक बॅटरी बदलून, सेल्फ उघडून आलेला असतो. बघावं तर चासीवरची पट्टी रंगावर कसलेली, नाहीतर चिखलानं खाल्लेली. दर हंगामात चार-पाच तरी सापडतात. विमान म्हटल्यावर माझं डोकं दुसरीकडंच गेलं, पट्टीकडं गेलंच नाही.

सेवानिवृत्त_फिटर

दादा, क्षमा कसली. टर्मिनलवरचा आकडा मागणारे तुम्हीच पहिले होता, मी नव्हे.

नंदगडकर, दोन गोष्टी राहिल्या. गरम झाल्यावरचं व्होल्टेज लिहिलं नाहीस. आणि महिनाभर हा रेग्युलेटर नीट अर्थ नसताना चालला आहे, पॉइंट कधी लागत, कधी तुटत असणार. साहेबांना सांगून झाकण काढून पॉइंट डोळ्याने बघून घ्या. कानस लावू नका, फक्त बघा.

नंदगडकर

काका, आज सकाळी बघितलं. कटआऊटच्या पॉइंटवर एक लहान काळा ठिपका आहे, खड्डा नाही. साहेबांनी फोटो काढून फाइलला लावलाय, पुढच्या 25 तासांनी परत झाकण काढायचं असं वर्कशीटवर लिहिलंय. व्होल्टेजचे पॉइंट स्वच्छ.

गरम झाल्यावर 1800 ला, रेडिओ आणि बीकन लावून: बसवर 14.1. रेग्युलेटरचा पाया ते इंजिन: 0.02.

साहेबांची सही झाली, दुपारी विमान वर जाऊन आलं. जुनी पट्टी साहेबांनी निकामी म्हणून टॅग लावून वर्कशीटवर घेतली, मग मला नेऊ दिली. बाबांच्या दुकानात भिंतीला टांगलीय, त्या पाटाच्या चित्राशेजारी.